मुळावर आलेली

नवी ओळख झाली की अक्का आधी नक्षत्र सांगायची आणि मग नाव. "मी मूळ नक्षत्राची. सासऱ्याला वाईट. तुमच्या घरात कुणाचा सासरा हयात आहे काय?" हे ती इतक्या सरळ चेहऱ्यानं विचारायची, की हसावं की दार लावून घ्यावं हे समोरच्याला कळत नसे. गांधी बाजाराजवळ एका कन्नड म्हातारीच्या माडीवर आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. खोली बघायला गेली त्या दिवशी तिनं त्या म्हातारीलाही हेच विचारलं होतं. म्हातारीनं भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं बोट दाखवलं आणि "सरी, बन्नी" म्हणाली, म्हणजे ठीक आहे, या. आपल्याला योग्य घर मिळालं, असं अक्का त्यावर सगळ्यांना सांगत सुटली.

मी तेव्हा पुण्याहून नुकती आले होते. पन्नाशीचं दशक सरत आलं होतं, बंगलोरात सरकारी कारखाने वाढत होते आणि त्यांच्या ड्रॉइंग ऑफिसांत मुली घ्यायला लागले होते. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेलं ड्रॉइंग मेणकापडासारख्या ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं उतरवायचं, चुकलं तर ब्लेडनं शाई अलगद खरवडायची, हे आमचं काम. अक्का आमच्या टेबलांची मुख्य होती. ती बेळगावची. कन्नड, तमिळ, मराठी सगळेच तिला अक्का म्हणत, तिच्याहून थोर साहेबलोकसुद्धा. रागावलं की बाकीच्यांचे हात थरथरतात, तिचा हात रागात उलट स्थिर व्हायचा. सगळ्यांत बारीक रेषांची ड्रॉइंग्ज साहेब तिला मुद्दाम भांडणानंतर देतात, असा ऑफिसात विनोद होता. मला तो कधीच विनोद वाटला नाही, कारण ती बहुतेक वेळ रागातच असायची आणि तिचं काम बहुतेक वेळ उत्तम असायचं.

तो राग कुठून आला हे तिनंच मला सांगितलं, एका रविवारी केस वाळवताना, भाजीचा भाव सांगावा तसं. मूळ नक्षत्रावर, पहिल्या चरणात मूल जन्मलं तर ते बापाच्या मुळावर येतं असं म्हणतात. म्हणून शांती होईपर्यंत बापानं तिचं तोंड पाहिलं नाही. आई बाळंतिणीच्या खोलीत आणि बाप ओसरीवर. शांतीच्या दिवशी भटजींनी काशाच्या वाटीत तेल ओतलं, मूल मागून धरलं आणि बापानं आपल्या पहिल्या मुलीचं तोंड तेलात पाहिलं.

"तेलात सगळीच तोंडं काळी दिसतात की गं," अक्का म्हणाली.

लग्नाचं वय झालं तेव्हा बापावरचं संकट टळलेलं होतं, बाप खणखणीत होता. पण मुलीच्या बाबतीत मूळ नक्षत्र सासऱ्याकडं वळतं. त्यामुळं तिला स्थळं आली ती सगळी सासरा नसलेल्या घरांतली. मुलाकडची मंडळी मुलीला निरखायची आणि ही भिंतीवर फोटो शोधायची. एका घरी फोटोच नव्हता. मुलाचे वडील पूर्वी कधीतरी संन्यास घेतो म्हणून निघून गेले होते. ते मेले धरायचे की जिवंत, यावर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी पोहे खात अर्धी दुपार वाद घातला. अक्का पोह्यांची रिकामी बशी हातात घेऊन उभी होती. ती बशी तिनं खाली ठेवली, वडिलांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की हे माझं शेवटचं. पुढच्याच वर्षी ती बंगलोरला आली.

तिनं ज्योतिष शिकून घेतलं होतं, तेही भांडण्यासाठी. गांधी बाजारात एक नावाजलेले ज्योतिषी बसत. त्यांच्यापुढं ती एकदा मला घेऊन गेली आणि म्हणाली की नक्षत्रं सत्तावीस, म्हणजे दर सत्ताविसावी सून मूळ नक्षत्राची. मग या गावात सासरे उरले कसे? ज्योतिषीबुवा चिडले नाहीत. म्हणाले, शांती केली की दोष जातो. "माझी शांती झालेली आहे," अक्का म्हणाली. "तरी मी शांत झाले नाही."

त्या ज्योतिषांनी मूळ नक्षत्राच्या माणसाचा स्वभाव सांगितला तो मात्र माझ्या डोक्यात बसला. देवता निर्ऋती, म्हणजे विनाशाची. खूण मुळांची जुडी. अशी माणसं गोष्टीच्या तळाशी जाईपर्यंत खणत राहतात, तोंडावर बोलतात, घर सोडून लांब जातात, धरलेलं सोडत नाहीत आणि सोडलेलं पुन्हा धरत नाहीत. सगळं अक्काला तंतोतंत लागू. याचाच मला संताप यायचा. ज्या मुलीचं तोंड तेलात बघतात, जिच्यासाठी मेलेले सासरे शोधतात, ती दुसरी कशी होणार होती? आधी झाड वाकवायचं आणि मग म्हणायचं, बघा, वाकडंच होतं.

आमच्याच कारखान्यात एक इंजिनिअर होता, साताऱ्याकडचा. मऊ बोलायचा, स्वच्छ शर्ट घालायचा. अक्कानं ट्रेस केलेल्या ड्रॉइंगकडं तो असा बघत राहायचा की टेबलावरच्या पोरी एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. कारखान्याच्या बसमध्ये तो तिच्या मागच्या बाकावर बसायला लागला. अक्कानं त्यालाही पहिल्या दिवशी नक्षत्र सांगितलं होतं आणि तो, आपण असलं मानत नाही, म्हणाला होता. वर्षभरात अक्कात फरक पडला. ती सकाळी स्टोव्हला पंप मारताना गुणगुणायची. मी काही विचारलं नाही, विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी ती खोलीवर आली, चप्पल न काढता खाटेवर बसली. इंजिनिअरच्या घरी वडील होते, तात्या. बायको गेलेली, एकुलता मुलगा, मुलानं जयनगरात नवीन घर बांधलेलं. तात्यांना मुलगी पसंत होती, शिक्षण पसंत होतं, नोकरीसुद्धा चालणार होती. फक्त नक्षत्र चालणार नव्हतं. इतपर्यंत अक्काला अपेक्षितच होतं. पण त्या इंजिनिअरनं पुढं एक वाक्य म्हटलं होतं, ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलं.

"तो म्हणाला, तात्यांना मधुमेह आहे, पथ्य काही करत नाहीत, डॉक्टरही फारशी आशा देत नाहीत. आपण वर्ष-दोन वर्षं थांबू. मग अडचण राहणार नाही."

मला आधी अर्थच कळला नाही. मग कळला. असलं न मानणारा, शिकलेला, मऊ बोलणारा माणूस स्वतःच्या बापाच्या मरणाची तारीख धरून लग्न ठरवत होता, आणि वर तो स्वतःला समजूतदार समजत होता. मी म्हटलं, हे तात्यांना जाऊन सांग. अक्का म्हणाली, "ते ऐकून तात्या त्याच दिवशी मरतील. मग मीच खाल्ला असं होईल."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं दिवसभर जे काम केलं तितकं बारीक काम मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही.

रविवारी ती मला घेऊन जयनगरला गेली. तेव्हा तिथं लाल मातीचे आखलेले प्लॉट, मधूनमधून एखादं नवं घर, बाकी दगड आणि झुडपं. तात्या ओसरीत कानटोपी घालून बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात म्हैसूरपाकाची बशी होती. इंजिनिअर आम्हांला पाहून उठला आणि उभाच राहिला. अक्कानं तात्यांना नमस्कार केला, मी अमुक, मूळ नक्षत्राची, म्हणून सांगितलं. तात्यांनी तिला खालवर न्याहाळलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा की चरण कुठला.

"पहिला."

"म्हणजे वडील..."

"आहेत की. बेळगावात रोज टिळकवाडीपर्यंत चालत जातात." मग ती म्हणाली, "तुमच्या मुलाशी मी लग्न करणार नाही. ते मिटलं. पण तुम्ही आता इतक्यात मरायचं नाही." आणि तिनं ती बशी उचलून स्वयंपाकघरात नेली.

तात्या रागावतील, हाकलतील, असं मला वाटलं होतं. ते नुसते बशी गेली त्या दाराकडं बघत राहिले. बायको गेल्यापासून त्यांच्या पुढ्यातली बशी कोणी उचलून नेली नव्हती.

तेव्हापासून हे सुरू झालं. त्याला काय म्हणावं मला आजही कळत नाही. सेवा म्हणावं तर त्यात प्रेमाचा शब्द नव्हता, आणि सूड म्हणावं तर त्यात त्या म्हाताऱ्याचं भलंच होतं. कारखान्याची बस गांधी बाजारात सोडायची, तिथून ती चालत जयनगरला जायची. बसवनगुडीतल्या डॉक्टरांकडं तात्यांना तिनंच नेलं. इन्सुलिन सुरू करायचं ठरलं तेव्हा सुई टोचायला तीच शिकली, काचेची सिरिंज उकळण्यापासून. रविवारी पहाटे त्यांना लालबागेत घेऊन जायची आणि तिथल्या टेकडीएवढ्या खडकावर चढवायची. तात्या वाटेत बसायचे, कुरकुरायचे, चहात साखर मागायचे. ती त्यांना तिथंच सोडून पुढं चालायला लागायची, मग ते शिव्या देत उठायचे. म्हैसूरपाक ते रेडिओच्या मागं लपवायचे. ती आली की आधी रेडिओ सरकवायची.

तात्या सुधारले. अंगावर मांस आलं, पायाच्या जखमा भरल्या. डॉक्टरांना नवल वाटलं. मुलाला काय वाटलं ते मी बसमध्ये त्याच्या तोंडावर पाहत होते. एकदा त्यानं तिला कारखान्याच्या फाटकात गाठून, हे काय चालवलं आहेस, लोक काय म्हणतील, असं विचारलं. लोक म्हणतच होते. परक्या पुरुषाला रोज जाऊन सुया टोचणारी बिनलग्नाची बाई, यावर अख्ख्या गल्लीचं मनोरंजन चाललं होतं. अक्का त्याला एवढंच म्हणाली, "तुम्ही थांबणार होता ना. थांबा की."

तो थांबला नाही. दोन वर्षांनी पुण्याची मुलगी करून आला, रेवती नक्षत्राची, कुणाच्याही मुळावर न आलेली. बिचारी साधी होती, तिच्यावर माझा राग नाही. पहिल्या दिवशी अक्का सिरिंज उकळायला स्वयंपाकघरात गेली तेव्हा त्या मुलीला ही कोण हेच कोणी सांगितलेलं नव्हतं. अक्कानं स्वतःच सांगितलं, नक्षत्रासकट. ती मुलगी दोन पावलं मागं सरकली. पुढं तिनं कधी विरोध केला नाही, कारण सुई टोचायची तिलाही भीती वाटत होती. मग इंजिनिअरला उत्तरेकडं मोठी जागा मिळाली, तो बायकोला घेऊन गेला. तात्यांनी बंगलोरची हवा सोडायला नकार दिला. हवा वगैरे काही नव्हतं. तिथं कोण त्यांच्याशी भांडणार होतं?

मला वाटायला लागलं होतं की म्हातारा आतून बदलला आहे. तो तिला "तू" म्हणायला लागला होता. ती उशिरा आली तर फाटकात उभा असायचा. दिवाळीला तिच्यासाठी त्यानं स्वतः बाजारात जाऊन मोलकाल्मुरूचं रेशमी लुगडं आणलं. मीसुद्धा त्या दोघांकडं बघून कधीकधी मऊ व्हायचे.

मग ती संध्याकाळ आली. तात्यांची बहीण साताऱ्याहून राहायला आली होती. तात्यांच्या पुतण्यासाठी एक स्थळ आलं होतं, मुलगी इथलीच, चामराजपेटेतली, वडील वारलेले, मॅट्रिक झालेली. बहिणीनं पत्रिका पुढं केली. तात्या दंड उघडा टाकून बसले होते, अक्का स्पिरिटचा बोळा फिरवत होती, मी दारात उभी होते. तात्यांनी चष्मा लावला, पत्रिका पाहिली आणि परत दिली.

"मूळ आहे," ते म्हणाले. "नको. त्याचे वडील अजून धडधाकट आहेत."

असं म्हणताना ते अडखळले नाहीत. अक्काकडं त्यांनी पाहिलंही नाही. मला वाटतं, ती तिथं आहे हेच त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा ती आणि मूळ नक्षत्र या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या होत्या त्यांच्या डोक्यात. ज्या हातानं याला इतकी वर्षं जगवलं त्याच हाताखाली बसून हा माणूस दुसऱ्या एका मुलीला तेलाच्या वाटीत बुडवत होता.

अक्काचा हात हलला नाही. तिनं सुई टोचली, काढली, बोळा दाबून धरला. मग बहिणीला विचारलं, त्या मुलीचं घर चामराजपेटेत नेमकं कुठं?

पुढच्या आठवड्यात ती त्या घरी गेली. मुलीच्या आईला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण महिन्याभरात ती मुलगी आमच्या ड्रॉइंग ऑफिसात शेवटच्या टेबलाशी बसून शाई नीट धरावी म्हणून ट्रेसिंग क्लॉथवर खडूची पूड घासायला शिकत होती. तिची पहिली सरळ रेघ वाकडी गेली तेव्हा अक्का तिच्यावर अशी खेकसली की पोर रडली. तिचं लग्न नंतर झालं, तिनं स्वतः ठरवलेलं, आणि तिच्या सासऱ्याला मी अलीकडंपर्यंत बाजारात पाहत होते.

त्या संध्याकाळपासून मी तात्यांशी बोलणं टाकलं. अक्कानं टाकलं नाही. ती रोज जात राहिली, पूर्वीसारखीच भांडत राहिली. मी विचारलं, तुला राग येत नाही? तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

साठीचं दशक संपता संपता तात्या गेले. ऐंशीच्या घरात होते. न्यूमोनिया झाला, आठवडाभर हॉस्पिटलात अक्का त्यांच्या उशाशी होती. मुलगा येऊन पोचला तेव्हा सगळं आटोपत आलं होतं. तेराव्याला घर नातेवाइकांनी भरलं होतं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पानं वाढायला तिला कोणी बोलावलं नव्हतं. तात्यांची बहीण बायकांच्या घोळक्यात बसली होती. ती आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की शेवटी मूळ ते मूळच, घरात पाऊल ठेवलं आणि माझा भाऊ खाल्ला.

इंजिनिअर तिथंच होता, सोवळं नेसून, हातात द्रोण घेऊन. त्यानं ऐकलं. कोणाच्या मरणाची वाट कोण बघत होतं आणि कोणी ते मरण लांबवलं होतं, हे त्या घरात तीनच माणसांना ठाऊक होतं. त्यांतला एक खाली बघत होता. मी बोलायला तोंड उघडलं. अक्कानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या बोटांचे वळ नंतर दोन दिवस राहिले.

"खाल्ला," ती बहिणीला म्हणाली. "पण फार सावकाश खाल्ला, आत्या. तुमच्या भाच्याला विचारा, त्याला किती थांबावं लागलं."

इंजिनिअरच्या हातातला द्रोण कलंडला. आत्यांना काही कळलं नाही, त्या इकडंतिकडं बघत राहिल्या. अक्का चपला घालून बाहेर पडली आणि मी तिच्यामागं.

जयनगर तोवर भरून गेलं होतं, दुकानं झाली होती, बस थेट जात होती. आम्ही बसमध्ये न चढता चालतच निघालो. लालबागेच्या भिंतीशी ती थांबली, कट्ट्यावर बसली. मला वाटलं, आता तरी ती त्या बाईला, त्या मुलाला शिव्या देईल. माझी तयारी होती, माझ्याकडं भरपूर होत्या. पण ती त्यांच्याबद्दल बोललीच नाही.

"हॉस्पिटलात शुद्धीवर होते की शेवटच्या दिवशी," ती म्हणाली. "पाणी मागितलं. उशी सरळ कर म्हणाले. मी वाट बघत होते. सगळ्यांसमोर नको, माझ्यापुरतं तरी एकदा म्हणायचं की गं, माझं चुकलं म्हणून. मी कुणाला सांगितलं असतं काय?"

ती कधी रडलेली मी पाहिली नव्हती, तेव्हाही रडली नाही. तिचे हात मात्र मांडीवर थरथरत होते, दोन्ही, आणि ती त्यांच्याकडं दुसऱ्या कोणाचे असावेत तसं बघत होती. मी ते हातात घेतले. त्या म्हाताऱ्यावरचा माझा राग त्यानंतर कधी उतरला नाही, आणि मी तो उतरवायचा प्रयत्नही केला नाही. बऱ्याच वेळानं रस्त्यावरचे दिवे लागले. अक्का उठली, पदर झटकला आणि म्हणाली, चल, सकाळपासून दोघींच्याही पोटात काही नाही.